पांढऱ्या शर्टाचा सल्ला

वकिलीच्या अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षाला असताना मी एका बाईंची केस जवळजवळ बुडवलेली. त्या दुपारी मला एवढी भीती वाटली की कोर्टाच्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा माझी अवस्था बघून थांबलं. माझी वर्गमैत्रीण म्हणते, ते आधीपासूनच बंद होतं. तिला पुराव्याची भारी हौस.

आमच्या ठाण्याच्या कॉलेजात नियम असा, की खऱ्या कोर्टात बसून दोन खटले बघायचे आणि काय पाहिलं ते जर्नलमध्ये लिहायचं. वेश ठरलेला: पांढरा शर्ट, काळी पँट. काळा कोट आणि गळ्यातला बँड सनद मिळाल्यावर. पण कल्याणच्या कोर्टाच्या व्हरांड्यात एवढा बारकावा कोण बघतो? पांढरा शर्ट दिसला की लोक "साहेब" म्हणतात. मला तो शब्द पहिल्याच दिवशी भांगेसारखा चढला. कोपर स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये मी सांगून ठेवलेलं, की मी आत शिरलो की न्यायाधीश हातातलं पेन खाली ठेवतात. तळमजल्यावरच्या काकांनी एकदा भाडेकरार वाचायला दिला, तर मी दहा मिनिटं नुसती मान डोलावली आणि "यात एक गोम आहे" म्हणून परत दिला. काका आठवडाभर झोपले नाहीत.

तर चौथ्या दिवशी व्हरांड्यात एक मावशी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. खाडीकाठच्या गावातली कोळीण, अंगावर हिरवं लुगडं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. शेजाऱ्याने तिची सुकत घातलेली सुकट लाथेने उडवलेली, आणि जाब विचारला तर काठीने हात फोडलेला. पोलिसांनी नुसती एन.सी., म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घरी पाठवलं, म्हणून तिने वकील गाठून थेट कोर्टात फिर्याद दिलेली. हे सगळं तिने एका दमात सांगितलं.

"वकीलसाहेब, माजा नंबर कवा लागंल? सकालपासून बसलीय. घरी नवरा आजारी हाय, त्याला जेवन द्यायचाय."

"तुमचे वकील कुठायत?"

"दुसऱ्या कोर्टात गेलंत. इथंच बस म्हनाले."

इथे मी म्हणायला हवं होतं, की मावशी, मी वकील नाही. त्याऐवजी मी दारावरच्या यादीकडे बघितलं. तिची केस बावन्नावी. माझ्या तीन दिवसांच्या प्रदीर्घ कारकिर्दीत चाळिसाच्या पुढच्या एकाही केसला तारखेशिवाय काही मिळालेलं नव्हतं.

"बावन्न नंबर म्हणजे आज काही होत नाही, मावशी. तारीख पडणार. तुम्ही निवांत घरी जा. तुमच्या वकिलांना मी सांगतो."

"नक्की ना रं बाला?"

"मावशी, हे कोर्ट मी कोळून प्यायलोय."

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती गेली. तिच्या वकिलाचं नाव काय, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

आत जाऊन मैत्रिणीशेजारी मागच्या बाकावर बसलो. आणि त्या दिवशी कोर्टाला काय पिसाळलेला कुत्रा चावलेला देव जाणे! केसेस अशा सुटल्या, जसे गोफणीतून दगड. कुठे वकील नाही, कुठे साक्षीदार नाही, सही, पुढचा. जेवणाच्या सुट्टीला अर्धा तास असताना शिपायाने दारात जाऊन मावशीच्या नावाचा पुकारा केला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा.

शेजाऱ्याचा वकील उठला. "सर, फिर्यादी गैरहजर. आरोपी प्रत्येक तारखेला येतोय. त्याला मुक्त करावं."

ते कलम मला पाठ होतं. फिर्यादी आली नाही तर आरोपीला निर्दोष सोडता येतं. परीक्षेत मी त्यावर पुरवणी जोडून लिहिलेलं. आणि त्याच तोंडाने बाईंना घरी पाठवलेलं.

न्यायाधीश म्हणाले, "दुपारी पुन्हा पुकारा. तेव्हाही नसतील तर ऑर्डर करतो."

माझ्या तळहातांना एवढा घाम फुटला की त्यात मीठ पिकवता आलं असतं. मैत्रिणीने माझं तोंड बघितलं. "काय झालं रे?"

मी सांगितलं.

"अरे, वेडा आहेस का तू? सनद नसताना सल्ला? तुरुंगात जाशील! डिग्री राहिली बाजूला."

"मग काय करू?"

"गप्प बस. कोणाला कळणारे? इथे सगळ्यांचेच शर्ट पांढरे."

आणि मी गप्प बसलो. लाज वाटते, पण लिहितो: चांगली वीस मिनिटं बसलो. डोळ्यांपुढे आई दिसत होती. शेजारणींना माझ्या काळ्या कोटाचं कापडसुद्धा तिने सांगून टाकलेलं. मग त्या मावशीच्या हातावरचा काठीचा वण आठवला आणि मी उठलो. बस स्टॉपवर धावलो, रिक्षा स्टँडवर धावलो, दिसेल त्या हिरव्या लुगड्यामागे धावलो. एक तर चक्क नवी नवरी निघाली. मावशी मिळाली नाही.

दुपारी पुन्हा पुकारा झाला. तोवर तिचे वकील धापा टाकत आलेले. "सर, मी स्वतः त्यांना बाहेर बसवून गेलेलो. फोन लागत नाहीये."

"सर, ही नेहमीची सबब आहे," शेजाऱ्याचा वकील म्हणाला.

न्यायाधीशांनी पेन उचललं. मी उभा राहिलो. म्हणजे पाय उभे राहिले, मी नंतर पोचलो.

"सर, त्या आलेल्या. मी त्यांना घरी जायला सांगितलं."

सगळं कोर्ट मागे वळलं. "आपण वकील?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही सर. विद्यार्थी."

"मग कोणत्या अधिकारात सांगितलंत?"

"अधिकार नव्हता सर. शर्ट होता."

कोणी हसलं नाही. शेजाऱ्याचा वकील म्हणाला, "सर, हा तर गुन्हा आहे. याच्यावर कारवाई व्हायला हवी."

"ते मी बघेन," न्यायाधीश म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही हे लिहून द्या. नाव, कॉलेज, सही."

आयुष्यात मी पहिल्यांदाच मीठमसाला न लावता काही लिहिलं. चार ओळी. अक्षर एवढं वाकडंतिकडं आलं की माझं नाव मलाच वाचता येईना. न्यायाधीशांनी कागद फाइलीला लावला, केसला महिन्याने तारीख दिली आणि मला म्हणाले, "तुम्हीही हजर राहा."

तो महिना मी कसा काढला विचारू नका. दाराची बेल वाजली की पोलीस. पोस्टमन आला की कॉलेजचं पत्र. सहा किलो उतरलो. आई म्हणते दोन.

तारखेला मावशी व्हरांड्यात माझ्या आधी आलेली. वकिलाने तिला सगळं सांगितलेलं. मी हात जोडले. तिने माझ्याकडे खालून वर बघितलं.

"तुला ठाव नव्हता, त नाय ठाव म्हनायचा. त्याला काय पैसं लागतात?"

मी मान डोलावली. या वेळी समजून, बरं का!

आत ती साक्षीला उभी राहिली. शेजाऱ्याच्या वकिलाने उलटतपास सुरू केला आणि फिरून फिरून तिथेच आला. "केस खोटी आहे म्हणूनच मागच्या तारखेला तुम्ही पळून गेलात, हे खरं की नाही?"

"खोटा हाय. मी आलेली. एका शिकाऊ पोरानं मना घरी धाडली. त्यानं लिवून दिलाय. वाचा की!"

न्यायाधीशांनी फाइल मागे उलटायला घेतली. माझा कागद वर आला. मागच्या बाकावरूनही मला ते वाकडंतिकडं अक्षर ओळखू आलं. त्यांनी तो सावकाश, पहिल्यापासून वाचला. मग मान वर करून बाकांकडे बघितलं, मला शोधलं, आणि नजर माझ्यावर ठेवली. मैत्रिणीने बाकाखाली माझं मनगट गच्च धरलं. शिपाई दाराशीच उभा होता, माझ्या नावाचा पुकारा करायला त्याला एक शब्द पुरला असता.

"उत्तर नोंदवून घ्या," न्यायाधीश लेखनिकाला म्हणाले आणि माझा कागद पुढच्या पानांखाली झाकून शेजाऱ्याच्या वकिलाकडे वळले. "वकीलसाहेब, पुढचा प्रश्न."