सुईवाल्या काकू

समस्त वऱ्हाडवासीयांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, अमरावतीला आमच्या घरी पाहुणा जावई असो की जज्जसाहेब, पहिलं पान बेबीचंच वाढलं जाई. बेबी सहा वर्षांची होती आणि तिला मधुमेह होता. हा हुकूम तिच्या आईचा, म्हणजे माझ्या धाकट्या काकूंचा. सारी गल्ली त्यांना सुईवाल्या काकू म्हणे.

काकू बार्शीटाकळीच्या शेतकरी घरातल्या. बोलणं असं, की पुण्याच्या माणसानं दोन पावलं मागे सरकावं. इन्सुलिनची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवलेली असे. काचेची पिचकारी उकळून, सुई सहाणेवर घासून काकू हाक मारत. बेबी ओरडे, "आज डाव्या मांडीले नको!"

"मंग उजवी दे. तिसरी देवानं देल्ली नाही तुले."

डॉक्टरांनी बजावलं होतं : सुई टोचली की थोड्याच वेळात पोटात अन्न पडलं पाहिजे, नाहीतर अंगातली साखर एकदम उतरेल आणि पोर हातची जाईल. म्हणून तो पहिल्या पानाचा हट्ट.

तपासणी अंगणात चाले. नळीत निळं औषध आणि बेबीची लघवी घालून काकू स्पिरिटच्या दिव्यावर उकळत. निळी राहिली तर देव पावला, विटकरी झाली तर साखर वाढली. "तुळशीपाशी काय शिजवून राहिली वं हे?" असं आजीनं एकदाच विचारलं. उत्तर ऐकून ती आठवडाभर अंगणात फिरकली नाही.

एकदा नळी लालभडक झाली. काकू ती मशालीसारखी उंच धरून गल्लीभर फिरल्या. "कोनं देल्ला पेढा? काहून देल्ला?"

शेजारीण म्हणाली, "अवं, एवढ्याशा पेढ्यानं काय होते? लेकरू पाहून जीव तुटते आमचा."

"तुमचा नुसता तुटते. तिचा जाईन!"

घरी येऊन त्यांनी बेबीला बदडलं. मग चुलीपुढं बसून ओली लाकडं नसतानाही बराच वेळ डोळे पुसत राहिल्या.

काकूंना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांचं नाव निघालं की मला आठवते ती अकोल्याची पंगत. त्यांच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. पानं वाढायला लागलेली पाहून काकूंनी बेबीला सुई टोचली. तेवढ्यात बातमी आली, व्याही रुसले! त्यांना आंघोळीला गरम पाणी मिळालं नव्हतं म्हणे. व्याही बसल्याशिवाय घासाला हात लावायचा नाही, ही रीत. सगळी पंगत वाढलेल्या पानांसमोर हात बांधून बसली. काकूंचा भाऊ जानोशात, व्याह्यांच्या उताऱ्यावर, हात जोडून उभा. काकू दोनदा उठल्या. दोन्ही वेळा बायकांनी त्यांना खाली बसवलं. "लग्न मोडता का, बाई?"

"भुकेनं पेंगून राहिलं लेकरू," कुणीतरी म्हणालं. काकूंनी बेबीच्या कपाळाला हात लावला. गार घाम. मान कलंडलेली.

पुढच्या क्षणी बेबीला उचलून त्या पंगत ओलांडून गेल्या. रांगोळी, उदबत्ती, चांदीचं ताट अशा थाटात व्याह्यांचं पान मांडलेलं होतं; जिलबी अजून तेवढ्याच पानात पडली होती. काकूंनी ती जिलबी उचलली, पाक बोटानं बेबीच्या गालात चोळला, तुकडा कुस्करून जिभेवर ठेवला. "गिय माय माही, गिय!" मांडवात गलका उठला, "व्याह्याचं ताट उष्टं केलं!" गलका ऐकून व्याही स्वतः तणतणत आले आणि दारातच थबकले. साऱ्या अमरावतीला धारेवर धरणारी ती बाई जमिनीवर बसून, पोरीला गिळायला विनवत दुसरी जिलबी कुस्करत होती.

बऱ्याच वेळानं बेबीनं डोळे उघडले. तोंडात गोड लागलं, समोर आई दिसली. तिनं घाबरून दोन्ही हात गालांवर घेतले आणि भर मांडवात ओरडली, "आई, मारू नको वं! म्या नाही खाल्ली जिलबी!"