कुंपणावरचं सफरचंद

दालचिनीचा वास आला की अमेरिकेतल्या बॉथेलमधल्या आमच्या घराचं लाकडी कुंपण आठवतं. बाबा गेल्यानंतरचा तो पहिला पितृपक्ष. त्यांच्या तिथीला मी मागच्या डेकवर खीर-वड्यांचं पान ठेवून कावळ्याची वाट बघत होते. इथे संध्याकाळी आकाश काळं होईल इतके कावळे, पण पानाला एकही शिवेना. बाबांची काय इच्छा राहिली असेल, या विचाराने जीव नुसता कासावीस. तेवढ्यात कुंपणाच्या खांबाकडे लक्ष गेलं. आडवं कापलेलं सफरचंद, त्यात बियांची चांदणी, शेजारी मक्याचं कणीस आणि दालचिनी, सगळं आमच्या घराकडे तोंड करून. "शेजारणीने उतारा ठेवलाय," मी नवऱ्याला म्हटलं. "काहीही काय, यार!" लॅपटॉपमधून मान वर न करता तो म्हणाला. मी तणतणत कुंपणापाशी गेले आणि बागेत उभ्या असलेल्या तिला सरळच विचारलं. ती म्हणाली, "आज दिवस-रात्र सारखे, उद्यापासून अंधार वरचढ होणार. आम्ही निसर्गाला पुजणारे पेगन लोक आज पिकाचे आभार मानतो, गेलेल्यांचा वाटा बाहेर ठेवतो." "मग आमच्याच बाजूला का?" "पश्चिम तिकडे आहे. गेलेले तिकडेच जातात. पण तू त्या पानापाशी सकाळपासून काय पुटपुटतेयस?" तिचाही माझ्यावर संशय होताच. मी श्राद्धाचं सांगू लागणार तोच एक कावळा आला, माझं पान ओलांडून तिच्या सफरचंदावर बसला आणि खाऊ लागला. डायबिटीस झाल्यापासून बाबांनी खिरीला हात लावला नव्हता, सफरचंद मात्र रोज खायचे. हे तिला कोणी सांगितलं, हा संशय माझ्या मनातून अजून जात नाही.