येऊन राहिलो

माझा मोठा भाऊ पाच वर्षांपासून कॅनडात आहे, पण गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावचा कारभार अजून तोच पाहतो. मास्तरकीतून निवृत्त झाला, वहिनी गेली आणि मुलाने त्याला तिकडे नेलं. तेव्हापासून तो फोनमधून गावात हिंडतो. मी धानाच्या बांधीत पाय ठेवला रे ठेवला की ओरडतो, "काऊन रे, पानी वाहून राहिलं ना! दिसत नाही काय तुले?"

मागच्या लग्नसराईत लोकांनी त्याचा व्हिडिओ कॉल लावलेला फोन मांडवात खुर्चीवर ठेवला आणि मानाचं कुंकू थेट पडद्याला लावलं. "मले काहीच दिसून नाही राहिलं," असं दादा अर्धं लग्न ओरडत होता. भाजीत तेल जास्त झालंय हे मात्र त्याने तशातही ओळखलं. शेजारी कोण पाहुणा आला हे मला हल्ली कॅनडातूनच कळतं.

आणि प्रत्येक फोनच्या शेवटी तो म्हणणार, "बस, मी येऊन राहिलो." आमच्या बोलीत याचा अर्थ येतो आहे, निघालोच. अर्थात आमच्याकडे हे वाक्य माणूस आंघोळीला जायच्या आधीही म्हणतो. त्यामुळे मी "ये, ये" म्हणायचो, फोन ठेवायचो आणि बायकोला सांगायचो, "मास्तर निघाले." दोघंही हसायचो.

यंदा दादाची सून माहेरच्या लग्नासाठी एकटीच पुण्याला आली. नातवाला सांभाळायला दादा तिकडेच राहिला. लग्न उरकून ती दोन दिवस आमच्याकडे आली. पोरगी चांगली आहे, फक्त मराठी अशी बोलते की आपण दाखला मागायला ऑफिसात उभे आहोत असं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्याचा बाजाराला चल म्हणून फोन आला. मी ओट्यावर चहा पीत म्हणालो, "हो, येऊन राहिलो."

"काका, तुम्ही तर इथेच आहात," सून म्हणाली.

"अगं, म्हणजे येतो आहे."

"आलो आणि राहिलो, असं नाही?"

मला हसू आलं, तिला नाही. कॅनडातल्या घरातली तिकिटं, डॉक्टर, सगळं तीच बघते. दादा फोन करतो तेव्हा पुतण्या कामावर असतो, ऐकायला ही एकटी. पाच वर्षं ती समजत होती, बाबा गावाला सांगतात की मी इथे येऊन राहिलो, रमलो. नवऱ्यालाही तिने तेच सांगितलं होतं.

तिने तिथल्या तिथे फोन लावला. "बाबा, तुम्हाला गावी यायचं होतं का?"

सुनेशी दादा नेहमी शाळेतल्या मराठीत बोलतो. त्या दिवशी विसरला. "कोनी इचारलंच नाही, बेटा."

ती रडायला लागली. एवढी शिकलेली आणि साधं वाक्य कळू नये, असा मला तिचा रागच आला. पण तिला निदान कळलं तरी नव्हतं. मला दर वेळी कळत होतं. "कधी येतोस?" एवढं मी एकदाही विचारलं नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

डोळे पुसून ती म्हणाली, "बाबा, धानकापणीच्या आत तुमचं तिकीट काढते." मग दादाने मला विचारलं, "माही खोली हाय ना रे?"

"हाय ना, दादा," मी म्हणालो.

खोलीत छतापर्यंत खताची पोती होती. त्याची बाज मी कधीच मेहुण्याला देऊन टाकली होती.