आकडा बेचाळीस

कपाळावर पट्टी चिकटवली की भूल किती खोल आहे ते पडद्यावर आकड्यात दिसतं. शंभर म्हणजे टक्क जागा, चाळीस ते साठ म्हणजे शस्त्रक्रियेपुरती गाढ झोप. बारामतीत भूल देता देता मला या यंत्राचा फार गर्व झाला होता. कुणी शंका काढली की मी फटकन म्हणायचे, "आधी आकडा बघा."

सणसरची एक आजी आली. पंचाहत्तरीची, उजव्या स्तनात गाठ. टेबलावर घेताना म्हणाली, "डोक्यावर पदर तरी ऱ्हाऊ द्या की, डाक्टरीणबाई." मी हसून तिला हिरवी टोपी घातली.

म्हाताऱ्या माणसाचा रक्तदाब पटकन घसरतो. म्हणून झोपेचं औषध हात राखून दिलं आणि दुखणं मारणारं फेंटानिल सढळ. मग माणूस आत जागा झाला तरी नाडी वाढून चुगली करत नाही, सगळी भिस्त आकड्यावर. आकडा बेचाळीस होता.

मध्येच आमचे सत्तरीचे सर्जन खाकरले. आजीचा मोकळा डावा हात हलला. बोटांची चिमूट झाली आणि डोक्याकडे निघाली. आमच्या इंदापूरकडे थोरला माणूस उंबऱ्याबाहेर खाकरतो, तेवढ्यात बायका पदर सावरतात. थोड्या वेळानं ते पुन्हा खाकरले. पुन्हा तीच चिमूट, पुन्हा डोक्याकडे. नाडी सत्तर, आकडा बेचाळीस. बाकीचे सगळे जखमेकडे बघत होते, हे मला एकटीलाच दिसत होतं.

ही बाई आत जागी असेल तर? मी घाबरले, सरळ सांगते. औषध वाढवावं तर रक्तदाब आधीच खाली. मी तिचा हात हातात घेतला आणि कानाशी वाकले. "आजी, ऐकू येतंय? येत असेल तर माझा हात दाबा."

तीनदा विचारलं. हात थंडगार, निपचित. झोपेतही सवय जात नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि तरीही जरासं औषध वाढवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात जाऊन विचारलं, "आजी, मधलं काही आठवतंय का?"

"काय बी न्हाय."

जीव भांड्यात पडला. पण सून चहा आणायला बाहेर गेली, तशी आजीनं माझं मनगट धरलं.

"दुखलं न्हाय बाई, खोटं कशाला बोलू? पर तुमी हात दाबा म्हणला, त्ये ऐकलं मी. तिन्ही येळंला."

"मग दाबला का नाही?" माझा आवाज चढला. राग माझा मलाच आला होता.

तिनं दाराकडं बघितलं.

"उघडी पडल्याली मी, भवतीनं सगळं बाप्ये. जागी हाय म्हणून कसं कळू द्यायचं?"