पृथ्वी घट्ट आहे म्हणणारे अंकल

बिल्डिंग हलली तेव्हा मी खाली ग्रोसरीत दूध घेत होते आणि माझी झोया वर, चौथ्या मजल्यावर, शेजारच्या अंकलकडे! तेलाच्या बाटल्या एकमेकींवर आपटायला लागल्या, वॉचमन ओरडतोय यल्ला यल्ला, चला बाहेर, सगळे रस्त्यावर, कुणी टॉवेलात, कुणी मांजर घेऊन, आणि त्या गर्दीत हे दोघेच नाहीत. मी आत पळाले. वॉचमनने हात धरला, मी झटकला. जिना चढताना डोक्यात एकच, या माणसाचा काय भरवसा, पृथ्वी हलतेय म्हणून हा खुशीत खिडकीत बसला असणार!

कारण असा माणूस अख्ख्या दुबईत नाही. पृथ्वीच्या पोटात काय आहे याची काळजी दुसरं कोण करतं हो? वसईचे, रिटायर झालेले, मुलाकडे राहतात, मुलगा दिवसभर सिलिकॉन ओएसिसला ऑफिसात. माझी शाळा आठवीपर्यंत, पण ऐकून ऐकून मला पाठ झालंय. इंग्लंडच्या जुन्या राणीच्या काळात म्हणे दाढीवाले शास्त्रज्ञ पत्रं लिहून भांडायचे. एक म्हणायचा पृथ्वी आतून पातळ, वर नुसती साय. दुसरा म्हणायचा, खोटं, पातळ असती तर चंद्राच्या ओढीने समुद्राबरोबर जमीनपण उचलली गेली असती, मग भरती दिसली कुणाला असती? अंकल घट्टवाले. त्यांचा दोस्त फुजैराला, तो पातळवाला. आणि हे दोघंपण पत्रंच लिहितात! मी म्हटलं, "अंकल, फोन करा ना." म्हणाले, "फोनवर तो मध्ये बोलतो गं. पत्रात गाढवाला पूर्ण ऐकून घ्यावं लागतं." पत्रात मात्र गाढवाला 'आदरणीय महाशय' लिहितात. नाताळला तो दोस्त आला, दोघं गळ्यात पडले, केक खाल्ला, क्रिकेट झालं, पृथ्वीचा प सुद्धा नाही. तो गेल्यावर अंकल लगेच लिहायला बसले. ईदला मी खीर नेली तर चमच्याने साय हलवून झोयाला म्हणाले, "बघ, हे त्याचं मत." आणि खाऊन टाकलं. अंडं उकडलंय का कच्चं हे फिरवून बघायचं, आतून घट्ट असेल तर गरगर फिरतं, हे त्यांनीच तिला शिकवलं, आता घरात एक अंडं शाबूत राहत नाही.

तर मी वर पोचले. दार उघडंच. दोघं डायनिंग टेबलाखाली. झोया मजेत, "ममा, वी आर इन अ केव्ह!" अंकलने एका हाताने टेबलाचा पाय धरलेला, दुसरा हात तिच्या डोक्यावर. मी रडायलाच लागले. म्हणाले, "पोरी, माझे गुडघे असे. हिला घेऊन जिन्यात पडलो असतो तर?" मग हळूच, "दोस्ताला सांगू नको हां. आज मलापण पातळ वाटली."

रात्री झोयाचे पप्पा म्हणाले, "खलास. पोरीला परत तिथे सोडायचं नाही. गुडघे चालत नाहीत तर सांभाळायला घेतात कशाला?" आता त्यांचंपण खोटं नाही.

सकाळी दारातल्या भोकातून बघितलं तर अंकल बाहेर. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. बेल वाजवत नाहीत, नुसते उभे. हात वर नेतात, परत खाली घेतात. पप्पा आंघोळीला, झोया माझा ड्रेस ओढतेय, "ममा, इज इट अंकल? ओपन ना!" माझा हात कडीवर. खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं?