सावलीतली रांग

लग्नाच्या वेळी बाबांनी आईला जैसलमेर कबूल केलं होतं. वाळूच्या टेकड्यांवर बसून सूर्यास्त बघायचा, बस्स, एवढंच. पण नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलातली ड्यूटी आणि ते जैसलमेर यांचं चाळीस वर्षं काही जमलंच नाही. बाबा रिटायर झाले आणि आईने परस्पर तिकिटं काढली. मला बॅगा उचलायला घेतलं.

हीथ्रो, दिल्ली, जोधपूर, पुढे ट्रेन. बाबांनी टाइमटेबल करून चक्क लॅमिनेट करून आणलं होतं. त्यात जैसलमेरला एकच संध्याकाळ, सकाळी परतीची गाडी. किल्ल्यातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाय आली की आपण दुकानात शिरायचं. तिसऱ्यांदा त्याच शालवाल्याकडे शिरलो तेव्हा त्याने चहाच मागवला. गायींची सोय टाइमटेबलात नव्हती, त्यामुळे टेकड्यांकडे जाणाऱ्या जीपांच्या स्टँडवर पोचायला उशीर झाला.

तिथे भिंतीच्या सावलीत फेटेवाले एक आजोबा उभे होते. आम्ही तिघं सवयीने त्यांच्यामागे रांगेत. पाच मिनिटांत आमच्यामागे साउथहॅम्प्टनचं एक जोडपं, त्यांच्यामागे दोन जर्मन. बाबांचा ऊर भरून आला. शिस्त लावली की लागते बरं का, असं मला ऐकवूनही झालं. समोर जीपा येत होत्या, लोक घुसत होते, जीपा जात होत्या. अर्ध्या तासाने आईने आजोबांना विचारलं, तुमची जीप कधीची? ते म्हणाले, जीप कशाला, घर इथेच आहे, ऊन उतरलं की निघतो.

मी हसून हसून खालीच बसले. आई मात्र रडवेली झाली होती. सूर्यास्त गाठणारी शेवटची जीप सुटत होती आणि आत जागा एकच. लहानपणी सुपरमार्केटात रांग मोडली म्हणून मला धपाटा घालणाऱ्या माझ्या आईने ओढणी कमरेला बांधली आणि कोपरं चालवत ती गर्दीतून थेट आत शिरली.

"अहो, मी चालले," तिने आतून सांगितलं, आणि जीप गेलीसुद्धा.

बाबा लॅमिनेटने वारा घेत धुळीकडे बघत राहिले. आता चिडतील, असं मला वाटलं.

"बरं केलं तिने," ते म्हणाले. "मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, उद्या जाऊ."