न दुखणारं कोपर

"अल्नर कोलॅटरल लिगामेंट फाटलंय," एमआरआय बघून डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूची, हाडं बांधून ठेवणारी दोरी. माझा नवरा निलेश बेसबॉलचा पिचर, बॉल फेकणं हीच त्याची रोजीरोटी. त्याने एवढंच विचारलं, पुढच्या सीझनला फेकता येईल ना?

भारतात तो राज्याकडून खेळला, खेळाडू कोट्यातून सरकारी नोकरीत लागला. ती सोडून युरोपात पगारी पिचर झाला. २०२० मध्ये लीग बंद पडली, तेव्हा माझ्याकडे डब्लिनला आला. मी इथे आयटीत. लॉकडाऊनभर तो मागच्या भिंतीवर बॉल आपटत राहिला आणि कोपर घालवून बसला.

ऑपरेशनला वेटिंग लिस्ट. कोविडमुळे विचारपूस फोनवरच. दुखतं का? "ग्रँड." म्हणजे इथल्या आयरिश बोलीत 'एकदम ठीक'. बोटांना मुंग्या? "ग्रँड." मी समोर बसून कपाळाला हात लावायचे. झोपेत बोटं चोळणारा हाच माणूस! व्हायचं तेच झालं. केस तातडीची नाही, असं ठरलं.

मी भांडले. तर म्हणे, हात दुखतो म्हटलं की टीममधून नाव कटतं. शाळेतल्या कोचने हेच शिकवलेलं. अरे, पण हॉस्पिटल म्हणजे काय टीम आहे? पालथ्या घड्यावर पाणी.

एका सकाळी त्याच्या हातून चहाचा कप पडला. पडल्याचं त्याला आवाजावरून कळलं. मी घाबरले आणि गाडी काढली. इमर्जन्सीत मला दारातच अडवलं. पुढचं त्यानेच नंतर सांगितलं.

आत नागपूरच्या एक डॉक्टर होत्या. आडनाव वाचून मराठीत बोलल्या, काम काय करता विचारलं. दुखण्याचं विचारल्यावर हा सवयीने "ग्रँड" म्हणाला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मी सिलेक्टर नाही हो. खरं सांगा, दुखते काय?"

"दुखतंय," निलेश म्हणाला, आणि रडला.

अल्नर नर्व्ह, म्हणजे करंगळीकडे जाणारी नस, दाबली गेली होती. आणखी थांबलो असतो तर हात कामातून गेला असता. ऑपरेशन लगेच झालं. बोटं वाचली, पिचिंग संपलं.

तुमच्या घरात असा शूरवीर असेल, तर डॉक्टरांचा फोन आला की शेजारी बसा आणि मध्ये बोला. खुशाल उद्धट ठरा.

त्या नागपूरच्या बाईंचे उपकार फिटणार नाहीत. आता निलेशला साधी सर्दी झाली तरी सकाळपासून कण्हतो, मिटिंगमध्ये येऊन मला नाक दाखवतो. वैताग येतो. तरी मी कॅमेरा बंद करते आणि विचारते, कुठे कुठे दुखतंय?